गाभा आणि खळे

जुलै २०१८ मध्ये युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीने नेपच्यूनची दोन चित्रे शेजारीशेजारी ठेवून प्रसिद्ध केली. दोन्ही चिलीतल्या पारानाल डोंगरावरच्या एकाच ८.२ मीटर दुर्बिणीतून, म्यूज या एकाच उपकरणाने टिपलेली. पहिल्यात निळसर गोळा दिसतो, ओल्या कागदावर फुटलेल्या शाईसारखा. कड नेमकी कुठे संपते ते बोट ठेवून सांगता येत नाही. दुसऱ्यात तोच ग्रह रेखीव कडेसह दिसतो आणि त्याच्या अंगावरच्या पांढुरक्या ढगांच्या रेघा मोजता येतात. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी दुर्बिणीतला एक पातळ आरसा हवेने प्रकाशाची केलेली मोडतोड भरून काढण्यासाठी सेकंदाला शेकडो वेळा आपला आकार बदलत होता. या तंत्राला ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्स म्हणतात, मराठीत अनुकूली प्रकाशिकी. चित्रांची ही जोडी जगभर फिरली. तिने या विषयाचे भले केले, आणि एक गैरसमजही रुजवला: दुर्बिणीला चष्मा लागला, आता तिला नीट दिसते. पण चष्म्याचा नंबर एकदा काढला की वर्षभर चालतो. इथला नंबर दर मिलिसेकंदाला बदलतो, आकाशाच्या दर तुकड्याला वेगळा असतो आणि तो कधीच पुरता बरोबर नसतो. त्यामुळे अशा दुर्बिणीतून मिळालेली प्रतिमा चांगली की वाईट हे तिच्या रेखीवपणावरून ठरवता येत नाही. तिच्यात उरलेला दोष आपल्याला किती नेमका ठाऊक आहे, यावरून ते ठरते. या विधानाला आधार काय आणि त्यावर आक्षेप कोणते, हे पुढच्या पानांत शिरण्यापूर्वी पाहून घेतले पाहिजे.

दोष हवेत आहे आणि तो जुना आहे. न्यूटनने १७०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रकाशावरच्या ग्रंथात हवा सतत थरथरत असल्याची तक्रार केली आणि त्यावर एकच उपाय सांगितला: उंच डोंगरमाथ्यावरची निवांत हवा. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर समोरची गाडी लहरताना दिसते ती कमीअधिक तापलेल्या हवेच्या थरांमुळे. ताऱ्याचा प्रकाशही अशाच थरांतून वाट काढत येतो, फक्त ते दहा-पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेले असतात. वातावरणाच्या माथ्यावर त्या प्रकाशाचे तरंगाग्र इस्त्री केलेल्या कापडासारखे सपाट असते, आणि खाली पोचेपर्यंत ते चुरगळते. किती चुरगळते हे सांगणारा आकडा डेव्हिड फ्रीड यांनी १९६६ मध्ये दिला: कापडाचा केवढा तुकडा बऱ्यापैकी सपाट राहतो, तेवढी लांबी. साधारण चांगल्या जागी, दृश्य प्रकाशात, ती दहा सेंटीमीटरच्या आसपास भरते. याचा अर्थ मोठा विचित्र आहे. दहा मीटर व्यासाची दुर्बीण बांधली तरी तिला दिसणारा बारकावा हौशी निरीक्षकाच्या गच्चीवरल्या दहा सेंटीमीटरच्या दुर्बिणीपेक्षा फारसा सरस नसतो. प्रकाश मात्र दहा हजारपट गोळा होतो.

बारकावा मोजायचे माप आहे विकला. पंचांग चाळणाऱ्यांना हा शब्द नवा नाही: अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला. अडीच सेंटीमीटर रुंदीचे नाणे पाच किलोमीटरवरून जेवढे दिसेल, तेवढी एक विकला. हवेमुळे तारा साधारण एवढा फुगतो. उत्तम जागी, उत्तम रात्री, निम्म्यावर येतो. हवा नसती तर त्याच दहा मीटरच्या आरशाने २.२ मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशात ०.०४५ विकलेपर्यंतचा बारकावा दाखवला असता. म्हणजे नाणे पुण्यात आणि पाहणारा मुंबईत. दोन आकड्यांमधली ही दरी भरून काढणे, एवढेच या तंत्राचे काम.

कल्पना १९५३ची. माउंट विल्सन आणि पालोमार वेधशाळांतले होरेस बॅबकॉक यांनी सुचवले, की आलेला प्रकाश मोजावा आणि तेलाच्या पातळ थरावर इलेक्ट्रॉनांचा झोत फिरवून, त्या थराला जागोजागी उंचसखल करून, प्रकाशातली चूक उलट्या बाजूने भरून काढावी. ते यंत्र त्या रूपात कधी उभे राहिले नाही. पुढची बरीच वर्षे हे काम अमेरिकी लष्कराच्या कुलपाआड चालले, कारण परक्या देशांचे उपग्रह जमिनीवरून निरखायचे तर आडवी येते ती हीच हवा. खगोलशास्त्रज्ञांना उघडपणे यश आले ते ऑक्टोबर १९८९ मध्ये, फ्रान्सच्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत, १.५२ मीटरच्या दुर्बिणीवर. त्या आरशाला मागून ढकलणारे ॲक्चुएटर होते एकोणीस. लेझरने आकाशात कृत्रिम तारा उजळण्याची कल्पना फोय आणि लाबेरी या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये छापली. अमेरिकेने १९९१ मध्ये कागद खुले केले तेव्हा कळले, की ती तिकडे आधीच सुचली होती आणि वापरूनही झाली होती. गुप्ततेमुळे एकाच विहिरीसाठी दोनदा खणावे लागल्याची उदाहरणे विज्ञानात थोडी नाहीत, पण हे त्यातले ठळक.

आज पारानालवर एका मिलिसेकंदात काय घडते ते जवळून पाहू. दुर्बिणीच्या अंगावरून चार लेझर आकाशात जातात. त्यांचा रंग ५८९ नॅनोमीटरचा, जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा. सुमारे नव्वद किलोमीटर उंचीवर, जळून गेलेल्या उल्कांनी मागे ठेवलेल्या सोडियमच्या विरळ थरात ते चार ठिपके चेतवतात. त्या ठिपक्यांचा परत आलेला प्रकाश दाण्याहून लहान भिंगांच्या जाळीवर पडतो. प्रत्येक भिंग आपापले एक टिंब उमटवते, आणि टिंब जागेवरून जितके सरकले तितका त्या ठिकाणी तरंगाग्राला उतार आहे असे समजायचे. संगणक या सगळ्या उतारांवरून चुरगळ्याचा नकाशा जुळवतो. मग १.१ मीटर रुंद आणि जेमतेम दोन मिलिमीटर जाड अशा आरशामागची ११७० विद्युतचुंबके त्याला हव्या तिथे ढकलतात, हव्या तिथे ओढतात. तोवर वारा थोडा पुढे गेलेला असतो. आरसा नेहमी मागच्या क्षणाची हवा दुरुस्त करत असतो. यात आणखी भर अशी, की नव्वद किलोमीटरवरून येणारा लेझरचा प्रकाश शंकूसारखा निमुळता येतो, तर अनंतावरून येणाऱ्या ताऱ्याचा प्रकाश नळकांड्यासारखा. म्हणजे दोघांनी पाहिलेली हवा तंतोतंत एक नव्हे. शिवाय लेझर ज्या वाटेने वर गेला त्याच वाटेने खाली येत असल्याने, सगळी प्रतिमा एकत्र इकडेतिकडे हलते ती हालचाल त्याला कळत नाही. त्यासाठी शेजारी एखादा खरा तारा लागतोच. दुरुस्ती चालते ती ज्या दिशेची हवा मोजली त्या दिशेलाच. तिथून काही विकला बाजूला गेले की प्रकाश वेगळ्या थरांतून आलेला असतो, आणि प्रतिमा हळूहळू पुन्हा फुटायला लागते. एकाच चित्राच्या मध्यावर आणि कडेला दर्जा वेगळा, तो यामुळे.

या साऱ्या उणिवांची बेरीज एका आकड्यात बसवायची सोय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्ल स्ट्रेल यांनी करून ठेवली होती. हे गृहस्थ जर्मनीत शाळाशिक्षक होते. बिनचूक दुर्बिणीतून ताऱ्याचा मध्यबिंदू जेवढा प्रखर दिसला असता, त्याच्या किती टक्के प्रखर तो प्रत्यक्षात दिसतो, ते स्ट्रेल गुणोत्तर. शंभर टक्के म्हणजे निर्दोष. तरंगाग्रावर सरासरी २५० नॅनोमीटरचे उंचवटे-खळगे उरले आहेत असे धरू, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा अडीचशेवा भाग वगैरे. २.२ मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात त्याने सुमारे साठ टक्के स्ट्रेल मिळतो, १.६५ मायक्रॉनवर चाळीस टक्के, आणि ०.७ मायक्रॉनच्या तांबड्या प्रकाशात एक टक्कासुद्धा नाही. आरसा तोच, रात्र तीच, दुरुस्ती तीच. तेव्हा ‘या दुर्बिणीची प्रतिमा चांगली असते’ हे वाक्य तरंगलांबी सांगितल्याशिवाय पुरे होत नाही.

स्ट्रेल तीस टक्के असेल तर उरलेला सत्तर टक्के प्रकाश गेला कुठे? तो गेलेला नाही. तो ताऱ्याभोवती खळ्यासारखा पसरलेला असतो. चंद्राला पडते तसे हे खळे, साधारण तेवढेच रुंद जेवढा तारा दुरुस्तीविना फुगला असता, आणि त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढा प्रखर गाभा. दहा मीटरच्या दुर्बिणीत, दुरुस्ती नसताना, मध्यबिंदूची प्रखरता आदर्शाच्या शंभराव्या भागाइतकी असू शकते. तीस टक्क्यांवर पोचणे म्हणजे ती तीसपट वाढणे. डोळा या तीसपटीवर भाळतो. खळे इतके मंद आणि पसरट असते, की छापील चित्रात ते काळ्या पार्श्वभूमीत बुडून जाते. पण दोन तृतीयांशांहून जास्त प्रकाश अजून तिथेच आहे, हे ज्याला प्रकाश मोजायचा आहे त्याला विसरता येत नाही.

हे विसरले की काय होते, ते आकाशगंगेच्या केंद्राकडे पाहताना समजते. ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्सचे सर्वांत गाजलेले काम तिथलेच. जर्मनीत राइनहार्ड गेंझेल यांचा गट आणि कॅलिफोर्नियात अँड्रिया गेझ यांचा गट धनु राशीतल्या त्या गर्दीतले तारे वर्षानुवर्षे मोजत राहिले. सुमारे सोळा वर्षांत एक फेरी मारणारा एस२ हा तारा सुमारे चाळीस लाख सूर्यांइतक्या वस्तुमानाच्या अदृश्य बिंदूभोवती फिरतो, हे त्यांनी दाखवले, आणि २०२० च्या नोबेल पुरस्काराचा अर्धा भाग या दोघांना मिळाला. तिथे जाणारी वाट धुळीने इतकी भरलेली आहे, की दृश्य प्रकाशात जवळपास लक्ष ठेवण्याजोगा ताराच नाही. युरोपीय गटाने म्हणून आपल्या उपकरणाला अवरक्त प्रकाशात पाहणारा संवेदक बसवला आणि केंद्रापासून सुमारे साडेपाच विकलांवरच्या आयआरएस ७ या तांबड्या महाराक्षसी ताऱ्यावर नजर रोखली. गाभा जितका रेखीव, तितकी ताऱ्याची जागा अचूक. एका ताऱ्याचा प्रकाश, गाभा आणि खळे मिळून, चित्रात ज्या आकारात उमटतो त्याला ठसा म्हणू. त्या ठशाच्या रुंदीच्या शंभराव्या भागापर्यंत ताऱ्याची जागा काढता येते. मात्र त्यासाठी ठसा कसा आहे हे ठाऊक हवे. या गर्दीत प्रत्येक ताऱ्याचा गाभा शेजाऱ्यांच्या खळ्यांवर बसलेला असतो, आणि खळ्याचा अंदाज चुकला तर तारा आपसूक बाजूला सरकल्यासारखा दिसतो. २००२ मध्ये एस२ केंद्राच्या अगदी जवळून गेला तेव्हाच्या नोंदींत तो नेहमीपेक्षा थोडा तेजस्वी भरला. कृष्णविवराच्या आसपासचा प्रकाश त्याच्यात मिसळला असण्याची शक्यता होती. पुढे कक्षा काढताना त्या वर्षीच्या नोंदींकडे संशयाने पाहिले गेले, हिशेबात त्यांचे वजन कमी केले गेले. चित्रे रेखीव होती, आणि नेमक्या सर्वांत मोलाच्या क्षणी रेखीवपणा पुरला नाही. पुढच्या फेरीला, मे २०१८ मध्ये, चार दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणणारे ग्रॅव्हिटी हे उपकरण तयार होते. त्या वेळी गुरुत्वाकर्षणामुळे ताऱ्याच्या प्रकाशाची तांबड्याकडे झालेली सरक मोजता आली.

गर्दी नाही, एकटाच तारा आहे, आणि त्याच्या कुशीतला ग्रह शोधायचा आहे, तेव्हा अडचण दुसऱ्याच प्रकारची. आरशाच्या घासणीतल्या बारीक चुका, संवेदकापर्यंतची वाट आणि कॅमेऱ्यापर्यंतची वाट यांतला फरक, तापमानाने उपकरणात येणारा ताण, यांतून ताऱ्याभोवती ठिपक्यांची रांगोळी उमटते. हवेने उमटवलेले ठिपके क्षणात बदलतात आणि लांब उघडझापेत सपाट होऊन जातात. हे ठिपके मात्र मिनिटे, कधी तासभर, जागा सोडत नाहीत. प्रत्येक ठिपका दिसायला अगदी ग्रहासारखा. २००८ मध्ये एचआर ८७९९ या ताऱ्याभोवती तीन ग्रह थेट चित्रात सापडले, २०१० मध्ये चौथा. ते आपल्या ताऱ्याहून पन्नास हजार ते लाखभर पटींनी मंद. त्यांना ठिपक्यांतून वेगळे काढले ते एका साध्या युक्तीने. रात्र सरते तसे आकाश दुर्बिणीच्या सापेक्ष फिरते. प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा मुद्दाम बंद ठेवली, तर खरा ग्रह ताऱ्याभोवती सरकतो आणि दुर्बिणीच्या दोषाचे ठिपके जिथल्या तिथे राहतात. मग स्थिर भाग वजा करायचा. पण या वजाबाकीत ग्रहाचा स्वतःचा थोडा प्रकाशही जातो, ताऱ्याच्या जवळ तर बराच. तो किती गेला हे कळावे म्हणून संशोधक मूळ नोंदींत खोटे ग्रह पेरतात, ठरावीक तेजाचे, ठरावीक जागी, आणि गाळून बाहेर येताना त्यांतले किती उरले ते पाहतात. खऱ्याची किंमत ठरवण्यासाठी खोटे घालायचे, हे ऐकायला चमत्कारिक वाटते. पण चित्राचा दर्जा मोजण्याची याहून प्रामाणिक रीत माझ्या माहितीत नाही. तीही सगळीकडे वाचवत नाही. एलकेसीए १५ या तरुण ताऱ्याभोवती घडत असलेले ग्रह दिसल्याचे दावे २०१२ आणि २०१५ मध्ये झाले होते. २०१९ मध्ये हवाईतल्या सुबारू दुर्बिणीच्या अधिक चांगल्या चित्रांनी दाखवले, की तो प्रकाश मुख्यतः ताऱ्याभोवतीच्या धुळीच्या तबकडीचा होता.

न्यूटनच्या निवांत हवेची गंमत इथे सांगण्यासारखी आहे. पारानालवर ग्रहांचा शोध घेण्यासाठी २०१४ मध्ये बसवलेल्या स्फिअर या उपकरणावर काम करणाऱ्यांच्या लक्षात आले, की वारा जवळजवळ पडला, ज्या रात्रीवर कोणीही निरीक्षक जीव टाकावा अशी शांत रात्र मिळाली, की चित्र बिघडते. ताऱ्याच्या गोल गाभ्याला दोन बाजूंना कान फुटतात. निरीक्षकांनी त्याला मिकी माऊस असेच नाव दिले. कारण दुर्बिणीच्या घुमटातच होते. दुय्यम आरसा ज्या बारीक धातूच्या पायांवर तोललेला असतो, ते पाय रात्री आकाशाकडे उष्णता टाकून भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतात. वारा सेकंदाला तीन मीटरच्या आत आला की त्यांना लागून असलेली गार हवा हलत नाही, आणि पायाच्या अलीकडच्या व पलीकडच्या प्रकाशात पायरी पडते. भिंगांची जाळी उतार मोजते. सरळ उभी पायरी तिला जवळपास दिसतच नाही. यंत्रणा आपल्या नोंदीत सगळे ठीक असल्याचे सांगत राहते आणि चित्राला कान फुटत राहतात. २०१७ मध्ये त्या पायांवर कमी उष्णता फेकणारे आवरण चढवले, तेव्हा त्रास बराच कमी झाला. या प्रकारात चित्र नुसते वाईट झाले एवढाच मुद्दा नाही. वाईट झाल्याचे मोजणाऱ्याला कळले नाही, हा खरा घाव.

उलट, फारशा रेखीव नसलेल्या प्रतिमेनेही मोठे काम होते, जर प्रश्न तेवढाच असेल तर. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि पुण्याची आयुका यांनी मिळून रोबो-एओ ही यंत्रणा उभी केली आणि पालोमारच्या दीड मीटरच्या जुन्या दुर्बिणीवर बसवली. तिचा लेझर अतिनील, डोळ्याला न दिसणारा, सोडियमच्या थरापर्यंत न जाता दहा किलोमीटरच्या आसपासच्या हवेवरूनच परतणारा. माणसाच्या देखरेखीशिवाय ती एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जात असे आणि रात्रीत शेकडो तारे उरकत असे. दृश्य प्रकाशात तिचा स्ट्रेल मोठ्या दुर्बिणींच्या अवरक्त आकड्यांसमोर किरकोळ. पण तिला विचारलेला प्रश्न वेगळा होता. केप्लर अवकाश दुर्बिणीने ताऱ्यांचा प्रकाश किंचित घटताना पाहून ग्रहांचे अंदाज केले. केप्लरला त्या ताऱ्याला चिकटलेला दुसरा तारा वेगळा दिसत नसे. समान तेजाचे दोन तारे एक समजले, तर प्रकाशातली घट निम्मी दिसते आणि ग्रहाची त्रिज्या जवळपास सातदशांशच भरते. गुरूसारख्याला शनीहून लहान ठरवायची वेळ. २०१४ मध्ये रोबो-एओने अशा ७१५ ताऱ्यांची छाननी प्रसिद्ध केली आणि ५३ ठिकाणी शेजारी सापडले. इथे ठसा किती सुबक यापेक्षा, किती अंतरावरचा आणि किती मंद शेजारी दिसला असता याची मर्यादा प्रत्येक ताऱ्यासाठी सांगता येणे मोलाचे होते. ‘शेजारी नाही’ या उत्तराला अर्थ येतो तो त्या मर्यादेमुळे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हवेशी एवढी झोंबाझोंबी करण्यापेक्षा दुर्बीण हवेबाहेरच न्यावी. हबल आहे, २०२१ च्या नाताळात निघालेली जेम्स वेब आहे. आक्षेपात तथ्य आहे. अंधुक, पसरट दीर्घिका पाहायच्या असतील, किंवा जिथे जमिनीवरची हवा आणि दुर्बीण स्वतःच चमकतात त्या लांब अवरक्त तरंगलांबींत पाहायचे असेल, तर अवकाशाला तोड नाही, आणि ठसा महिनोन्महिने जवळपास तसाच राहतो हा तिथला सर्वांत मोठा लाभ. पण हबलचीच कथा या प्रस्तावनेच्या बाजूने साक्ष देते. १९९० मध्ये ती कक्षेत गेली तेव्हा कळले, की २.४ मीटरचा मुख्य आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त घासला गेला आहे. ताऱ्याचा बहुतेक प्रकाश गाभ्याऐवजी खळ्यात सांडत होता. तरी डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्ती करेपर्यंतच्या तीन वर्षांत त्या अधू दुर्बिणीने उपयोगी काम केले, कारण दोष स्थिर होता, त्याचा आकार गणिताने ठाऊक होता आणि तो उलटा लावून चित्र बरेच सावरता येत होते. आणि अवकाशातून पाहिले म्हणून अर्थ लावताना चूक होत नाही, असेही नाही. २००८ मध्ये हबलच्या चित्रांत फोमलहॉट ताऱ्याभोवती ग्रह सापडल्याचे जाहीर झाले. पुढच्या चित्रांत तो फिकट होत, पसरत गेला, आणि २०२० च्या विश्लेषणाने तो विरत चाललेला धुळीचा ढग असावा असे मांडले. राहिला आकाराचा प्रश्न. साडेसहा मीटरचा आरसा घडी घालून पाठवण्यात काय यातायात झाली ते जगाने पाहिले. एकोणचाळीस मीटरचा पाठवायची कोणाची तयारी नाही.

दुसरा आक्षेप अधिक कसदार आहे: आरसा कशाला हलवायचा, संगणक नंतर सगळे करील. लाबेरी यांनीच १९७० मध्ये दाखवले होते, की क्षणभराच्या उघडझापेत हवा गोठवली तर ठिपक्यांच्या गोंधळातून बारकावे गणिताने परत मिळवता येतात. आकाशगंगेच्या केंद्राची मोजणी नव्वदच्या दशकात सुरू झाली ती याच रीतीने, आणि हे श्रेय तिला द्यायलाच हवे. पण ती चालते तेजस्वी ताऱ्यांवर. मंद ताऱ्याचे क्षणाक्षणाला दोनचार प्रकाशकण येतात. ते आधीच विखुरले असतील तर आकाशाच्या उजेडात आणि कॅमेऱ्याच्या कुरकुरीत हरवतात, आणि हरवलेला कण कोणतेही गणित परत आणत नाही. वर्णपट काढायचा असेल तर ही रीत आणखीनच लंगडी पडते. दशांश विकला रुंदीच्या फटीतून जो प्रकाश आत शिरलाच नाही, तो नंतर कसा आत घालणार? एस२ च्या वेगाचे मोजमाप वर्णपटाशिवाय झाले नसते. आरसा आधी आणि गणित नंतर, अशी ही जोडगोळी आहे. गणिताला आरशाने काय केले हे कळले, तरच ते पुढचे काम करते.

तिसरा आक्षेप सामान्य वाचकाचा असतो आणि तो मला सर्वांत जास्त आदरणीय वाटतो. एवढे ढकलून, ओढून, वजा करून, खोटे ग्रह पेरून मिळालेल्या चित्राला छायाचित्र म्हणायचे का? ते टिपले की बनवले? उत्तर असे, की बनवलेच. पण बनवण्याची प्रत्येक पायरी नोंदलेली आहे, आणि ही नोंद चित्राइतकीच महत्त्वाची. आरशाला दर मिलिसेकंदाला काय हुकूम गेला, संवेदकाला काय दिसले, हे साठवून ठेवले तर त्या निरीक्षणाचा ठसा कसा होता हे मागाहून पुन्हा जुळवता येते. ही रीत १९९७ मध्ये हवाईतल्या ३.६ मीटर दुर्बिणीवर तेजस्वी ताऱ्यांसाठी दाखवून झाली. तरीही पुष्कळ ठिकाणी ही आकडेमोड वर्षानुवर्षे कचऱ्यात जात राहिली, कारण ती अवाढव्य होती आणि चित्र तर हातात होतेच. मला हा या क्षेत्राचा सर्वांत महागडा आळस वाटतो. नोंद नसेल तर शेजारचा एखादा तारा थोड्या वेळाने पाहून त्याचाच ठसा उसना घ्यावा लागतो; तोवर वारा बदललेला असतो, आणि उसन्या ठशाने मोजलेल्या दीर्घिकेच्या गाभ्याची त्रिज्या किती टक्क्यांनी चुकली हे कोणीही छातीठोक सांगू शकत नाही.

पारानालपासून सुमारे वीस किलोमीटरवर, ३०४६ मीटर उंचीच्या आर्माझोनेस डोंगरावर आता एकोणचाळीस मीटरची दुर्बीण उभी राहते आहे. ७९८ तुकड्यांचा मुख्य आरसा, आणि आत पाच हजारांहून अधिक ॲक्चुएटर असलेला एक लवचिक आरसा, जो सहा पाकळ्यांचा आहे. २.२ मायक्रॉनवर तिचा आदर्श गाभा ०.०१२ विकलेचा. या दुर्बिणीत ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्स हे मागाहून जोडायचे उपकरण नाही. तो आरसा तिच्या हाडातच बसवलेला आहे. दुय्यम आरसा तोलणारे पाय इथे सुमारे अर्धा मीटर रुंद आहेत. प्रकाशाला ते सहा वेगळ्या बेटांत तोडतात, आणि एका बेटाची पातळी शेजारच्या बेटापेक्षा अर्ध्या तरंगाने वर आहे की खाली, हे उतार मोजणाऱ्या संवेदकाला आपणहून सांगता येत नाही. स्फिअरला शांत रात्री फुटलेले कान इथे सहा पाकळ्यांच्या रूपात परत येऊ शकतात. म्हणून पाकळ्यांमधली ही पायरी मोजण्यासाठी निराळे संवेदक आणि निराळी गणिते तपासून पाहिली जात आहेत. पहिला तारा पाहण्याआधीच त्याचा ठसा कुठे फुटेल याची यादी करण्यात सध्या कित्येक माणसे गुंतली आहेत.